वीसचा रकाना

लता डाबेराव मेली तेव्हा तिच्या दंडावरची पट्टी हिरवी होती.

हिरवी म्हणजे सगळं ठीक. पिवळी झाली की डॉक्टरांनी येऊन बघायचं. लाल झाली की अतिदक्षता विभागातली एक खाट त्या रुग्णासाठी आपोआप राखली जायची आणि लिफ्टही त्याच्यासाठी खाली येऊन थांबायची. अकोल्याच्या नर्नाळा रुग्णालयात दोन वर्षांपासून अशी पद्धत होती. चारशे खाटा, चारशे पट्ट्या, आणि त्या सगळ्यांवर डोळा ठेवणारं एकच यंत्र. त्याचं नाव 'सजग'. नाव ठेवणाऱ्याचं काय जातं म्हणा!

लता एकतीस वर्षांची होती. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायची, घरी दोन मुली होत्या. निमोनिया म्हणून शनिवारी भरती झाली आणि रविवारी दुपारी साडेचारला गेली. त्याआधी दीड तास तिच्या वॉर्डाच्या सिस्टर शालन वाकोडे यांनी एक फोन केला होता. तो फोन हर्षदा गावंडेने एका मंगल कार्यालयाच्या जिन्यात उभं राहून घेतला होता.

हर्षदा म्हणजे रुग्णालयाच्या धोरण आणि दर्जा विभागाची प्रमुख. त्या दिवशी तिच्या पुतणीचा साखरपुडा होता. आत सनई वाजत होती, म्हणून ती एका कानात बोट घालून ऐकत होती.

"मॅडम, सोळा नंबरची बाई धापा टाकून राह्यली," शालनताई सांगत होत्या. "मिन्टाले छत्तीस रेस्पिरेशन. हिले वर न्या लागते. मालपाणी सर म्हणतात, पहिले तुमचा अंगठा पडू द्या, मग मी देतो."

यंत्र हिरवं असताना रुग्णाला अतिदक्षता विभागात न्यायचं तर दोन अंगठे लागायचे. एक वैद्यकीय संचालक मालपाणींचा, दुसरा हर्षदाचा, दोन्ही आपापल्या फोनवर टेकवायचे. हर्षदाने फोनवरच सोळा नंबर उघडून पाहिला. नाडी जरा जास्त, ऑक्सिजन पंचाण्णव, रक्तदाब ठीक, पट्टी हिरवी. तिने शालनताईंना समजावलं की निमोनियात थोडी धाप असतेच, यंत्र बघतंय, तासाभराने पुन्हा पाहू.

मग शालनताईंनी 'मॅडम' सोडलं. "हर्षदा, म्या सांगून राह्यली तुले. माह्यासाठी दे."

"शालनताई, आज तुमच्यासाठी नियम मोडला तर उद्या आमदाराला कोणत्या तोंडाने नाही म्हणू?"

आणि ती आत गेली. पंगत बसली होती, वाढप सुरू झालं होतं. तिने दोन पुऱ्या जास्तच खाल्ल्या. पुढे कित्येक दिवस तिला त्या पुऱ्या आठवत राहिल्या आणि प्रत्येक वेळी स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

हा दोन अंगठ्यांचा नियम तिचाच. तो तिने उगाच केला नव्हता. ती कॉलेजात असताना तिच्या वडिलांना हृदयविकाराचा झटका आला होता. मूर्तिजापुरातून त्यांना ज्या रुग्णालयात आणलं, तिथे अतिदक्षता विभागात एक खाट रिकामी होती. दहा मिनिटांत ती भरली. एका नगरसेवकाच्या मेहुण्याला ॲसिडिटी झाली होती. वडील व्हरांड्यात स्ट्रेचरवरच गेले, आणि मेहुणा दुसऱ्या दिवशी मोसंबी खाऊन घरी गेला. तेव्हाच हर्षदाने ठरवलं होतं की डॉक्टर वगैरे काही व्हायचं नाही. खाट कोणाला मिळते हे ज्या टेबलावर ठरतं, त्या टेबलापर्यंत जायचं. पुण्यात रुग्णालय व्यवस्थापन शिकून ती परत अकोल्यालाच आली, अठ्ठाविसाव्या वर्षी नर्नाळा रुग्णालयात लागली, आणि सोळा वर्षांत त्या टेबलापर्यंत पोचली. 'सजग' आलं तेव्हा सर्वांत जास्त आनंद तिला झाला होता. यंत्राला मेहुणा नसतो, असं ती भाषणात सांगायची आणि लोक हसायचे.

मंगळवारी यंत्राच्या कंपनीचा अहवाल आला. दोनच पानी होता, पण वाचता वाचता हर्षदाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. अहवालात लिहिलं होतं की यंत्राच्या कामात दोष नाही, दोष निरीक्षणाचा आहे. सिस्टर वाकोडे यांनी स्वतःच्या हाताने अकरा वाजता श्वसनाचा दर वीस, म्हणजे धडधाकट माणसाचा, नोंदवला, एक वाजता वीस नोंदवला, आणि तीन वाजता एकदम छत्तीस. म्हणजे मधल्या वेळात रुग्णाकडे दुर्लक्ष झालं. सबब, नर्सिंग कौन्सिलने त्यांची नोंदणी रद्द करण्याचा विचार करावा.

शालनताईंची चौतीस वर्षं नोकरी झाली होती आणि निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. नोंदणी रद्द होणं म्हणजे जाताना कपाळावर शिक्का मारून घेणं.

वैद्यकीय संचालक डॉ. उपेंद्र मालपाणी यांनी तो अहवाल हर्षदाकडे सहीसाठी पाठवला होता. ते शांत, गोड बोलणारे गृहस्थ. त्यांनी तिला बोलावून सांगितलं की सोमवारी मुंबईहून राज्याची समिती येतेय. 'सजग' छत्तीसही जिल्ह्यांत बसवायचं की नाही ते ती ठरवणार, आणि वाकोडे सिस्टरची चौकशीही तीच आटोपणार. त्यांनी आणखीही एक गोष्ट सांगितली. राज्याच्या आरोग्य धोरण कक्षाला संचालक हवाय आणि हर्षदाचं नाव वरच्या यादीत आहे.

सही न करताच ती बाहेर पडली आणि थेट शालनताईंच्या क्वार्टरवर गेली.

शालनताई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. हर्षदा नोकरीला लागली तेव्हा वॉर्ड म्हणजे काय हे तिला याच बाईने दाखवलं होतं. बेडपॅनला नाक मुरडू नये इथपासून ते मेलेल्या माणसाच्या घरच्यांशी बोलताना हातात फाईल ठेवू नये इथपर्यंत सगळं. या ओट्यावर तिने ठेचा-भाकरी किती वेळा खाल्ली असेल त्याला गणती नव्हती.

"बसा, मॅडम," शालनताई म्हणाल्या.

घरात त्या तिला मॅडम कधी म्हणत नसत. हर्षदा बसली. तिने अहवालाबद्दल सांगितलं, मग जरा अडखळत विचारलं की अकराला आणि एकला वीसच होतं का. खरं तेच सांगा, म्हणजे मला काही करता येईल.

"मोजलंच नव्हतं," शालनताई शेंगेवरची नजर न काढता म्हणाल्या. "वीस लिवून देल्लं."

"न मोजता?"

"कोण मोजते? बीपी मशीन सांगते, ऑक्सिजन मशीन सांगते. रेस्पिरेशन मोजाचं म्हणजे पेशंटच्या उशाशी पुरा मिनिटभर उभं राहून छातीकडे पाहा लागते. चाळीस बाया, आमी दोघी. दिवसातून सहा खेपा. करा हिशोब. तीन वाजता तिचे ओठ पाह्यले म्हणून थांबली मी, अन् मोजलं. तोवर वीसच."

हर्षदाचा आवाज चढला. असं कसं लिहिता तुम्ही, माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, मी सोळा वर्षांपूर्वीच नियम केला होता की प्रत्येक फेरीला श्वास मोजून लिहायचा.

शालनताईंनी आता तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग होता, आणि तो आजचा नव्हता.

"मोजा कोनं म्हणलं होतं, मॅडम? तुम्ही भरा म्हणलं होतं. रकाना रिकामा दिसला तं सुट्टी कापतो म्हणलं होतं. मले तीन सुट्ट्या कापून गेल्या त्या वर्षी. मंग म्या वीस लिवाले शिकली. नव्या पोरी आल्या, त्याहिले म्याच शिकवलं. वीस लिवत जा, कोनी काई म्हणत नाई."

शेंगांची टोपली तशीच राहिली आणि हर्षदा उठून आली.

तिला तो कागद लख्ख आठवत होता. नोकरीचं पहिलंच वर्ष. दर्जाचं प्रमाणपत्र मिळवायला तपासणी पथक येणार होतं, आणि पथक सर्वांत आधी केसपेपरमधले रिकामे रकाने मोजतं हे तिला ठाऊक होतं. वॉर्डावॉर्डांतून तिने नमुने काढले. श्वसनाचा रकाना शंभरातल्या एकसष्ट ठिकाणीच भरलेला सापडला. तिने आदेश काढला: एकही रकाना रिकामा राहू नये, राहिल्यास संबंधित परिचारिकेची एक साप्ताहिक सुट्टी कापली जाईल. तीन महिन्यांत एकसष्टचे शंभर झाले. रुग्णालयाला प्रमाणपत्र मिळालं, तिला शाल-श्रीफळ मिळालं. विदर्भ-मराठवाड्यातल्या आणखी अकरा रुग्णालयांनी तिला बोलावून ही पद्धत शिकून घेतली. तिथून तिच्या नोकरीची शिडी सुरू झाली होती. सोळा वर्षांत एकदाही तिला प्रश्न पडला नाही की दोन बाया इतकं सगळं मोजतात केव्हा.

बुधवारी सकाळी ती नोंदणी कक्षात जाऊन बसली आणि 'सजग'ला शिकवायला जी माहिती दिली होती ती सगळी उघडायला लावली. बारा रुग्णालयं, चौदा वर्षं, अकरा लाख रुग्ण. श्वसनाचा रकाना तिने वेगळा काढायला सांगितला. पडद्यावर वीस उमटला. खाली वीस. त्याच्या खाली वीस. मधेच एखादं अठरा, कुठे बावीस, आणि पुन्हा वीस, वीस, वीस. शंभरातले त्र्याण्णव आकडे वीस होते. तापाने फणफणलेली मुलं वीस, बाळंतिणी वीस, ट्रकखाली आलेले वीस. दम्याच्या एका म्हाताऱ्याने जीव सोडला त्याच्या आधीच्या तासातही वीस.

मग 'सजग' काय शिकलं ते उलगडायला तिला फार वेळ लागला नाही. अशा यंत्राला वैद्यक कोणी शिकवत नाही. त्याच्यापुढे लाखो जुने केसपेपर ठेवतात, आणि शेवटी कोण जगलं, कोण मेलं ते सांगतात. कोणता आकडा मरणाची चाहूल देतो ते यंत्र स्वतः शोधतं. नाडी चढली की माणसं दगावतात, असं दिसलं तर नाडीला वजन देतं. रक्तदाब पडला की दगावतात, तर रक्तदाबाला. श्वासाकडे पाहिलं तर जगलेल्यांचा वीस आणि मेलेल्यांचाही वीस. यंत्राने प्रामाणिकपणे निष्कर्ष काढला की श्वास मोजून काही कळत नाही, आणि त्याला वजन दिलं शून्य. कंपनीच्या अभियंत्यांनी ते शून्य पाहिलं, आणि पट्टीतून श्वास मोजणारा भागच काढून टाकला. उपयोग नसलेली गोष्ट हवी कशाला?

खरं तर फुप्फुस भरू लागलं की सर्वांत आधी श्वासच वाढतो. शरीर भराभर हवा ओढून रक्तातला ऑक्सिजन टिकवून धरतं, म्हणून कित्येक तास ऑक्सिजनचा आकडा चांगलाच दिसत राहतो. मग छातीचे स्नायू थकतात, आणि सगळं एकदम कोसळतं. कोसळल्यावर पट्टी लाल होते खरी, पण तेव्हा लाल होऊन काय करायचं? लताच्या बाबतीत तर ती लाल व्हायलाही विसरली.

हर्षदाने दोन वर्षांतले असे मृत्यू शोधले, पट्टी हिरवी असताना किंवा लाल होऊन पाव तास व्हायच्या आत झालेले. फक्त तिच्या रुग्णालयात सदतीस निघाले. प्रत्येक नाव तिने हाताने वहीत लिहिलं. लिहिताना पेन कागदात रुतत होतं.

ती वही घेऊन ती मालपाणींकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पाणी मागवलं, आणि म्हणाले की शोध महत्त्वाचा आहे, यात वादच नाही, पण सोमवारनंतर बोलू. कंपनी नवी पट्टी करेल, दीड वर्षात येईलही. छत्तीस जिल्ह्यांचा निर्णय एकदा होऊ दे, मग शांतपणे दुरुस्ती करता येईल. तुम्ही मुंबईला त्या खुर्चीवर असाल तर दुरुस्ती तुमच्याच हातात असेल, नाही का?

"आणि शालनताई?"

"हर्षदाताई, त्यांनी न मोजता आकडा लिहिलाय. ते तर खोटं नाही ना?"

खोटं नव्हतं, म्हणूनच ती जास्त चिडली. या माणसाचं प्रत्येक वाक्य खरं होतं, आणि सगळी मिळून सदतीस माणसांवर माती लोटत होती. आणि आतल्या आत एक गोष्ट तिला छळत होती. मुंबईच्या खुर्चीचं नाव निघालं तेव्हा पळभर तिचं मन तिकडे धावलं होतं. तिथे बसून सगळं नीट करता येईल, असं तिने स्वतःला सांगूनही पाहिलं. वडिलांच्या वेळी ज्याने मेहुण्याला खाट दिली, त्या टेबलामागच्या माणसानेही स्वतःला असंच काही सांगितलं असेल.

सोमवारी रुग्णालयाच्या सभागृहात समिती बसली. अध्यक्ष होत्या निवृत्त सचिव वृंदा पाळंदे, पांढऱ्या केसांची, कमी बोलणारी बाई. कंपनीतर्फे निनाद कोठारी नावाचा चुणचुणीत तरुण आला होता. शालनताई एका बाजूच्या खुर्चीत, इस्त्रीच्या पांढऱ्या साडीत, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. त्या हर्षदाकडे बघत नव्हत्या.

कोठारीने पडद्यावर आलेख दाखवले. मग पाळंदेबाईंनी विचारलं की मृत रुग्णाचा श्वास छत्तीस होता म्हणतात, तर यंत्राने तो धरला कसा नाही. कोठारी नम्रपणे हसला.

"मॅडम, अकरा लाख रुग्णांच्या माहितीत श्वासाचा आणि मृत्यूचा संबंध सापडलेला नाही."

सभागृहात कोणालाच यात काही वावगं वाटलं नाही. तज्ज्ञांनी मान डोलावली, एकाने टिपूनही घेतलं. हर्षदाने ते टिपून घेणारं पेन पाहिलं, आणि तिचा उरलासुरला धीर सुटला.

ती उभी राहिली. तिची पाळी नव्हती, मालपाणींनी हाताने खाली बसण्याची खूण केली, पण तिने तिकडे पाहिलं नाही. "श्वासाचा आणि मरणाचा संबंध नाही, असं हे यंत्र म्हणतंय आणि तुम्ही लिहून घेताय," ती म्हणाली. "शाळेतल्या पोराला विचारा. हा संबंध यंत्राला का सापडला नाही ते मी सांगते, कारण तो पुसणारी मी आहे."

मग तिने सगळं सांगितलं. आदेशाची तारीख, सुट्ट्या कापल्याचा हिशोब, एकसष्टचे शंभर, शाल-श्रीफळ, बाकीची अकरा रुग्णालयं. पडद्यावर तिने तो रकाना लावला, आणि वीस-वीस-वीस वरून खाली सरकत राहिले. वहीतली सदतीस नावं तिने एकेक करून वाचली. शेवटचं नाव लताचं. त्या रविवारी सिस्टरने माझा अंगठा मागितला होता, मी दिला नाही, हेही तिने सांगितलं. साखरपुड्याचंही तिने लपवलं नाही.

"सिस्टर वाकोड्यांनी वीस लिहिलं. तो आकडा त्यांच्या हातात मी दिला होता. नोंदणी रद्द करायची असेल तर बारा रुग्णालयांतल्या सगळ्या नर्सेसची करा. नसेल तर हे यंत्र बंद करा. त्याला माणसांनी काहीच शिकवलेलं नाही, माझ्या धाकाने शिकवलंय."

कोठारी म्हणाला की हे भावनेच्या भरात चाललंय. मालपाणी म्हणाले की गावंडेबाईंवर हल्ली कामाचा ताण आहे. पाळंदेबाईंनी चष्मा काढून पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी शालनताईंना विचारलं की तुम्हाला काही सांगायचंय का.

शालनताई उठल्या. "म्या वीस लिवलं, हे खरं हाय. त्या बाईच्या पोरींपुढे म्या काय तोंड दाखवू ते मले माईत नाई. एवढंच सांगाचं होतं." आणि त्या बसल्या.

निकाल मात्र समितीसारखाच लागला. यंत्राचा पुढील अभ्यास करण्यात यावा. तोवर आहे तिथे ते चालू ठेवावं, नव्या जिल्ह्यांचा विचार तूर्त लांबणीवर टाकावा. सिस्टर वाकोडे यांच्यावरील निर्णय राखून ठेवावा, कारण मनुष्यबळाअभावी त्यांना वॉर्डातून हलवणं शक्य नाही. बेपर्वा म्हणून जिची नोंदणी काढून घ्यायची, तिच्याच हवाली चाळीस बाया करायच्या. यात कोणालाही विसंगती दिसली नाही. आणि श्रीमती गावंडे यांनी आज सायंकाळी पाच वाजता पदभार सोडावा.

घड्याळात सव्वाचार झाले होते.

पाऊण तास तिची सही अजून चालत होती. खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं आणि आयुष्यातला सर्वांत लहान आदेश लिहिला. श्वसनाचा दर पूर्ण मिनिट मोजला असेल तरच लिहावा. मोजला नसेल तर रकाना रिकामा ठेवावा. रिकाम्या रकान्यासाठी कोणाचीही सुट्टी, बढती वा मान जाणार नाही. रिकाम्या रकान्यांचा कागद प्रत्येक फेरीनंतर संचालकांच्या टेबलावर पाठवावा. तिने तो आपल्या रुग्णालयातल्या सगळ्या वॉर्डांना पाठवला, आणि उरलेल्या अकरा रुग्णालयांच्या मेट्रननाही, जुनी चूक माझी होती असं वर लिहून. पाचला सात मिनिटं कमी असताना शेवटचा कागद गेला.

दुसऱ्या दिवशी तिला कामावर यायचं कारण नव्हतं. तरी ती आली, आणि अकराच्या फेरीला स्त्रियांच्या वॉर्डात जाऊन दाराशी उभी राहिली.

शालनताई तिसऱ्या खाटेशी होत्या. मनगटावरच्या घड्याळात बघत त्या उभ्या होत्या, अगदी स्तब्ध. मिनिट झाल्यावर त्यांनी आकडा लिहिला आणि चौथ्या खाटेकडे वळल्या. दुसरी सिस्टर, तेजल नावाची तरुण मुलगी, पलीकडच्या रांगेत तेच करत होती. मधेच कोणाची सलाईन संपली, कोणाला उलटी झाली, तेव्हा दोघी मोजणं टाकून तिकडे धावल्या. परत आल्या तेव्हा अकरा वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि मोजून झाल्या होत्या नऊ बाया. औषधांची वेळ झाली. तेजलने कागद हातात घेतला, पेन टेकवलं, आणि एकतीस रिकाम्या रकान्यांकडे बघून घाबरी होऊन शालनताईंना विचारलं की असाच वर पाठवायचा का.

"असाच," शालनताई म्हणाल्या. तेजल कागद घेऊन गेली. मग त्यांना दाराशी उभी असलेली हर्षदा दिसली. त्यांच्या चेहऱ्यावर माफीबिफी काही नव्हतं, आणि हर्षदाने ती मागितलीही नाही.

"उभ्या काय राह्यल्या, मॅडम? हात रिकामे असतील तं सतरा नंबरपासून धरा. घड्याळ हाय ना?"

हर्षदा सतरा नंबरच्या खाटेशी गेली. पन्नाशीची एक बाई डोळे मिटून पडली होती. दंडावर हिरवी पट्टी होती. हर्षदाने घड्याळाकडे पाहिलं आणि तिच्या छातीकडे नजर लावली. एक. दोन. तीन. सोळा वर्षांत तिने श्वासांवर धोरणं लिहिली, आलेख काढले, भाषणं केली, पण एखाद्या माणसाचा श्वास मोजत मिनिटभर कधी उभी राहिली नव्हती. दहा सेकंदांतच ती सहावर पोचली. सेकंदकाटा भयंकर हळू चालत होता. मिनिट एवढं लांब असतं हे तिला माहीतच नव्हतं. पंधरा, सोळा. बाईच्या नाकपुड्या फुलत होत्या, गळ्याखालची खळी आत ओढली जात होती, आणि अजून अर्धं मिनिटही झालं नव्हतं.

वॉर्डातला फोन वाजला. शालनताई इंजेक्शन देत होत्या, तेजल अजून परतली नव्हती. फोन सतराव्या खाटेजवळच्या भिंतीवर होता. हर्षदाने छातीवरची नजर न हलवता हात लांब करून तो उचलला.

मालपाणी होते. त्यांचा आवाज पहिल्यांदाच गोड नव्हता. हा कसला कागद माझ्या टेबलावर आलाय, एकतीस रकाने रिकामे, आणि समितीचे लोक अजून इमारतीत आहेत, कोणी पाठवला हा, वॉर्डात जबाबदार माणूस कोण आहे?

चोवीस. पंचवीस.

"थांबा," हर्षदा म्हणाली. "मोजतेय."

आणि फोन तसाच उघडा उशीपाशी ठेवून ती पुढे मोजू लागली.